वाचून दाखवलं, कबूल आहे

“पी डब्ल्यू थ्री हॅज क्लिअरली आयडेंटिफाइड द अक्यूज्ड,” साहेब सांगत होते. “हर एव्हिडन्स रिमेन्स अनचॅलेंज्ड. फुलस्टॉप.”

मी फुलस्टॉप दिला. पुढच्या वाक्याला हात उठेना.

साहेब दोन वाक्यं पुढे गेले, मग थांबले. “फास्ट होतंय का?”

“नो सर. पेन्सिल तुटली.”

पेन्सिल धड होती.

चेंबरमध्ये मी साहेबांच्या समोर बसून निकालपत्राचं डिक्टेशन घेत होते. पी डब्ल्यू म्हणजे प्रॉसिक्यूशन विटनेस, सरकारी बाजूचा साक्षीदार. तिसऱ्या साक्षीदाराने आरोपीला कोर्टात स्पष्ट ओळखलं आणि आरोपीच्या वकिलाने त्यावर एक प्रश्नही विचारला नाही, असा त्या वाक्याचा अर्थ. असं वाक्य आलं की पुढचा निकाल काय लागणार ते स्टेनोला कळतं.

आणि मला एक हात दिसत होता. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या बाईचा, कोयता धरून धरून घट्टे पडलेला. माशी वारावी तसा तो हात तिने दोनदा हलवला होता. “इवरल्ल, स्वामी,” ती म्हणाली होती. हे नव्हेत.

मी ते ऐकलं होतं. तिच्यापासून चार हातांवर बसून.

हे मी आजवर कुठे लिहिलं नाही. घरी यजमानांनासुद्धा अर्धंच सांगितलं. आमचं घराणं तीनशे वर्षांहून अधिक काळ इकडचं, कन्नड मुलखातलं, मी बसवनगुडीत वाढले. आमच्या मराठीत कन्नड मिसळलेलं असतं, ते वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. नोकरी शहरातल्या एका फौजदारी कोर्टात, स्टेनोग्राफरची. तिथलं बोलणं बहुतेक कन्नडमध्ये व्हायचं, इथे ते मराठीत देते आहे.

इंग्रजी सिनेमात बारा माणसं बाकावर बसून खटला ऐकतात आणि दोषी की निर्दोष ते ठरवतात. त्यांना ज्युरी म्हणतात. आपल्याकडे ती पद्धत कधीच बंद झाली. आपल्याकडे एकटे न्यायाधीश ऐकतात आणि तेच ठरवतात. त्याला माझी हरकत नाही, मी चांगले जज पुष्कळ पाहिले. पण खटला चार-पाच वर्षं चालतो आणि मध्येच जजची बदली होते, हे बाहेरच्या लोकांच्या लक्षात येत नाही. साक्षी एकाने ऐकायच्या आणि निकाल दुसऱ्याने लिहायचा, असं सर्रास घडतं. दुसऱ्याने साक्षीदाराचा चेहरा पाहिलेला नसतो, आवाज ऐकलेला नसतो. त्याच्यापुढे असतो टाइप केलेला कागद.

तो कागद मी टाइप करायची.

खटला साधा होता. एचएसआर लेआउट नावाच्या वस्तीत सकाळी एक पाण्याचा टँकर रिव्हर्स घेताना एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या अंगावर गेला. ते जागीच गेले. ड्रायव्हर उतरून पळाला. पोलिसांनी टँकरच्या मालकाला विचारलं, गाडीवर कोण होतं? मालकाने मुरुगेशचं नाव दिलं. मुरुगेश त्याच्याकडे नऊ वर्षं गाडी चालवत होता. मुरुगेशचं म्हणणं, “त्या दिवशी मी सुट्टीवर होतो. गाडी मालकाच्या भाच्याने काढली होती.” सुट्टीचा कागद नव्हता. टँकरवाल्यांकडे सुट्टीचा कागद कुठून असणार?

म्हणजे सगळा खटला एका प्रश्नावर उभा. गाडीवर कोण होतं?

पाहणारे दोघे. दुसऱ्या क्रमांकाचा साक्षीदार समोरच्या अपार्टमेंटचा सिक्युरिटी गार्ड. तो आवाज ऐकून बाहेर आला आणि त्याने पळणारा माणूस पाठमोरा पाहिला. तिसरी लक्ष्मम्मा. तिची तिथेच कोपऱ्यावर शहाळ्यांची गाडी. आमच्याकडे शहाळ्याला एळनीर म्हणतात. ड्रायव्हरने टँकर हलवण्याआधी तिच्याकडे उभं राहून एळनीर प्यायलं होतं. चेहरा पाहिलेली ती एकटीच.

दोघांच्या साक्षी एकाच दिवशी झाल्या. तेव्हा जुने साहेब होते. ते फार भराभर सांगायचे. साक्षीदार बोलतो, जज ते ऐकून आपल्या वाक्यात सांगतात आणि स्टेनो टाइप करते, अशी रीत. जुन्या साहेबांचा वेग मला थेट कॉम्प्युटरवर झेपत नसे. म्हणून मी आधी शॉर्टहँडमध्ये वहीत घ्यायची. साक्षीदार पिंजऱ्यातून उतरून टेबलाशी येईपर्यंत टाइप करून प्रिंट काढायची. तो सही किंवा अंगठा करायचा. साहेब दुपारच्या जेवणानंतर सगळ्या गठ्ठ्यावर एकदम सह्या करायचे.

आता माझी चूक सांगते. ती आमच्या कामाच्या पद्धतीतलीच आहे.

नव्या साक्षीदारासाठी आम्ही नवी फाइल उघडत नाही. आधीच्या साक्षीदाराची फाइल उघडतो आणि “सेव्ह अ‍ॅज” करतो. नाव, वय, धंदा, पत्ता बदलतो. मधला मजकूर बदलतो. शेवट बहुतेक वेळा बदलावा लागत नाही. शेवटी ठरलेली दोन वाक्यं असतात. एक, “कोर्टात हजर असलेला आरोपी तोच आहे, मी त्याला ओळखतो.” दुसरं, “वाचून दाखवले, बरोबर असल्याचे कबूल केले.” मला हे माझ्या सीनियर स्टेनोने पहिल्या आठवड्यात शिकवलं. मी पुढे चौघींना शिकवलं.

गार्डने सांगितलं, हाच तो. पाठमोऱ्या माणसाला त्याने कसं ओळखलं ते त्याचं त्याला माहीत. मुरुगेशला वकील परवडत नव्हता. कोर्टाने दिलेला वकील होता, त्याचा ज्युनियर त्या दिवशी आला होता. त्याने गार्डला दोन प्रश्न घातले.

मग लक्ष्मम्मा आली. सरकारी वकील त्या दिवशी दोन कोर्टं सांभाळत होते. एक पाय आत, एक पाय बाहेर.

“ड्रायव्हरला पाहिलं होतंत?”

“पाहिलं ना. माझ्याकडेच एळनीर प्यायला. सुट्टे नाहीत म्हणाला, मी म्हटलं राहू दे, उद्या दे.”

“तो इथे आहे का? नीट बघा.”

मुरुगेश मागे आरोपीच्या जागी उभा होता. तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. घाई केली नाही. मग तो हात हलवला. “इवरल्ल, स्वामी. तो तरणा होता. अंगाने भरलेला. हे नव्हेत.”

सरकारी वकिलांनी घड्याळ पाहिलं. असा उलटा जाणारा साक्षीदार “होस्टाइल” म्हणून घोषित करून त्यांनी तिला उलट प्रश्न घालायला हवे होते. त्यांना शेजारच्या कोर्टातून बोलावणं आलं होतं. “गार्डने ओळखलंय सर. दॅट्स ऑल,” असं म्हणून ते निघून गेले.

जुन्या साहेबांनी मला सांगितलं, “डझ नॉट आयडेंटिफाय.” मग ज्युनियर वकिलाकडे पाहिलं. “क्रॉस?”

“नो क्रॉस, सर.”

हे त्याने बरोबर केलं. बाई त्याच्याच बाजूने बोलली होती. तिला आणखी काय विचारायचं?

वहीत मी ते बरोबर घेतलं. टाइप करताना गार्डची फाइल “सेव्ह अ‍ॅज” केली. नाव बदललं, वय बदललं, धंदा बदलला, मधलं एळनीरचं सगळं घातलं. “क्रॉस: नाही” लिहिलं. शेवटचं ओळखीचं वाक्य तसंच राहिलं. प्रिंट काढला. लक्ष्मम्माने अंगठा केला. तिला काहीही वाचून दाखवलं नाही. वाचून दाखवलं आणि तिने कबूल केलं, असं मात्र खाली छापलेलं होतं.

का राहिलं, याला कारण नाही. घरी कुणी आजारी नव्हतं. डोकं दुखत नव्हतं. दीड वाजला होता आणि मला भूक लागली होती. एवढंच.

वर्षभराने जुन्या साहेबांची बदली झाली. नवे साहेब आले.

पुढे आरोपीचा जबाब झाला. त्याला आम्ही थ्री थर्टीन म्हणतो. साक्षीदारांनी जे सांगितलं ते एकेक करून आरोपीला विचारायचं आणि त्याचं म्हणणं लिहायचं. नव्या साहेबांनी कागद वाचून विचारलं, “लक्ष्मम्मा या साक्षीदाराने तुम्हाला ओळखलं आहे. यावर काय म्हणणं?”

मुरुगेश गोंधळला. “नाही साहेब. त्या बाईंनी ओळखलं नाही. हे नव्हेत म्हणाल्या. मी इथेच उभा होतो.”

साहेबांनी पान पुन्हा पाहिलं. “इथे ओळखलं म्हणून लिहिलंय. खरं की खोटं, तेवढं सांगा.”

“पण साहेब, त्या तसं म्हणाल्याच नाहीत.”

“म्हणजे खोटं. बरोबर?”

तो इकडेतिकडे बघायला लागला. कोर्टाने दिलेला वकील आता दुसराच होता, लक्ष्मम्माच्या साक्षीला तो नव्हताच. तो दबक्या आवाजात म्हणाला, “फॉल्स म्हण. फॉल्स म्हण.”

“खोटं,” मुरुगेश म्हणाला.

मी “खोटे” असं टाइप केलं. प्रत्येक आरोपी प्रत्येक प्रश्नाला हेच म्हणतो. मनात कुठेतरी खडा टोचल्यासारखं झालं होतं. पण पुढची केस पुकारली गेली. मी “सेव्ह अ‍ॅज” केलं.

ज्यांचे वडील गेले ते समीर नावाचे गृहस्थ प्रत्येक तारखेला येत. पुण्याचे, आयटीतले. वडील निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आले आणि चौथ्या महिन्यात हे झालं. मी शिपायाशी बोलताना एकदा मराठी शब्द निघाला, तो त्यांनी टिपला.

“मॅडम, तुम्ही मराठी? थँक गॉड! इथे मला काही कळतच नाही हो. आज काय झालं एक्झॅक्टली?”

स्टेनोने पक्षकारांशी बोलायचं नसतं. “पुढची तारीख पडली,” एवढंच मी सांगायची. तरी ते प्रत्येक वेळी विचारायचे. “बाबांना एळनीर फार आवडायचं. त्या बाईंकडेच रोज प्यायचे. मी आता त्या रस्त्याने जातच नाही.” हे त्यांनी मला जिन्यात उभं राहून सांगितलं होतं. माझ्या हातात फायली होत्या. मी मान हलवली आणि खाली गेले.

तर त्या दिवशी साहेबांनी ते वाक्य सांगितलं आणि मला हात दिसला.

डिक्टेशन संपलं तेव्हा पाच वाजून गेले होते. मी जुन्या वह्यांचं कपाट उघडलं. मी वह्या टाकत नाही, सवय आहे. तारीख माहीत होती. पान सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. शॉर्टहँडमध्ये “डझ नॉट आयडेंटिफाय” म्हणजे तीन छोट्या रेघा. त्या होत्या. माझ्याच हाताच्या, नीट, ठळक. शेजारी टाइप केलेला कागद ठेवला. त्यावर लक्ष्मम्माचा अंगठा, जुन्या साहेबांची सही, आणि “मी त्याला ओळखतो.”

 मी खुर्चीत बसले. कपाटाचं दार उघडंच होतं.

शिरस्तेदार नागराजअण्णा दिवे मालवत आले. शिरस्तेदार म्हणजे कोर्टाच्या ऑफिसचे मुख्य. आम्ही बावीस वर्षं एका छताखाली. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि विचारलं, “काय अक्का, बीपी?”

मी वही आणि कागद पुढे केला. तोंडाने सांगितलं. त्यांना शॉर्टहँड येत नाही, पण माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास होता. 

“हे कुणाला सांगितलं?”

“तुम्हालाच.”

“सुम्मने इरी,” ते म्हणाले. म्हणजे गप्प राहा. “अक्का, तुमची सर्व्हिस किती उरली? कोर्टाचं रेकॉर्ड चुकीचं टाइप केलं म्हणजे काय होतं ठाऊक आहे ना? कोणी म्हणेल पैसे खाल्ले. टँकरच्या मालकाकडून खाल्ले म्हणतील. सिद्ध कसं करणार, खाल्ले नाहीत म्हणून?”

“आणि तो माणूस?”

“अपील कशाला असतं? वरचं कोर्ट बघेल.”

“अण्णा, वरचं कोर्टही हाच कागद बघेल.”

त्यांनी दिवा मालवला. “स्वल्प विचार करा. घरी जा.”

मी स्वल्प विचार केला. त्या विचाराचा मला सगळ्यात जास्त राग आहे. चूक भुकेच्या भरात झाली होती. पण पुढचे दोन दिवस मी पोटभर जेवून, शुद्धीवर राहून काढले. निकालपत्र टाइप केलं. ते वाक्य टाइप केलं. मार्जिन नीट केलं, पान क्रमांक घातले. साहेब शेवटचा प्रिंट वाचताना म्हणाले, “एनी डाउट एनीव्हेअर?”

तेव्हा मला एक शब्द बोलायचा होता.

“नो सर,” मी म्हणाले.

निकाल अकराच्या सुमाराला सुनावला. दोषी. सहा महिने साधी कैद. साहेबांनी कन्नडमध्ये समजावून सांगितलं की अपील करता येईल, तोपर्यंत शिक्षा थांबवता येईल, जामीनदार आणा. मुरुगेशची बायको मागे उभी होती. ती जामीनदार म्हणजे कोण ते शेजारच्या बाईला विचारत होती.

मला वाटलं होतं मुरुगेश ओरडेल. आरोपी ओरडतात, त्याची सवय असते. तो ओरडला नाही. पोलिसाने दंडाला धरलं तेव्हा तो माझ्या टेबलासमोर थांबला.

“अम्मा,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, खरंच न कळल्यासारखा विचारत होता. “तुम्ही तर इथेच बसला होतात ना?”

पोलीस म्हणाला, “नडी, नडी.” चल, चल.

माझं बोट स्पेसबारवर होतं. स्क्रीनवर पुढच्या केसच्या नावाआधी पांढरी जागा वाढत गेली.

जेवणाच्या सुट्टीत मी वही घेऊन चेंबरमध्ये गेले. उभ्या उभ्या सांगितलं. बसायला मला कुणी सांगितलं नाही आणि मी बसलेही नसते. साहेबांनी वहीतल्या रेघांकडे पाहिलं. मग कागदाकडे. मग वहीकडे. माझ्याहून दहा वर्षांनी लहान माणूस. त्यांचा चेहरा उतरत गेला.

“हे तुम्हाला कधी कळलं?”

“परवा, सर. डिक्टेशनच्या वेळी.”

“परवा?”

“हो सर.”

“पेन्सिल तुटली म्हणालात तेव्हा?”

मी मान हलवली.

त्यांनी सकाळचं निकालपत्र ओढलं, शेवटचं पान काढलं आणि सहीवर बोट ठेवलं. “परवा सांगितलं असतंत तर मी निकाल थांबवला असता. त्या बाईला पुन्हा बोलावलं असतं. एक दिवसाचं काम होतं. आता ही सही झाली. सही झाल्यावर निकालातली स्पेलिंगची चूक मी सुधारू शकतो, मॅडम. निकाल नाही. मी लिहिला तरी तो आता माझा नाही.”

मला हे माहीत असायला हवं होतं. इतक्या वर्षांत शंभरदा टाइप केलेलं कलम आहे. पण त्या क्षणापर्यंत मी मनाशी धरून होते की सांगितलं की दुरुस्त होईल. उशिरा का होईना, सांगितलं की झालं.

“मी त्याला तिथे विचारलं होतं,” साहेब म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते. “तो म्हणाला होता, त्या तसं बोलल्याच नाहीत. मीच म्हणालो, खरं की खोटं तेवढं सांगा.”

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “लिहून द्या. सगळं. आत्ता. आणि मला न विचारता वही हातातून सोडू नका.”

मी चार पानं लिहून दिली. हाताने. ती वर गेली. माझी चौकशी झाली. नागराजअण्णा म्हणाले होते तसं विचारलंही गेलं, कोणाकडून काही घेतलं का? दोन इन्क्रिमेंट थांबल्या आणि मला कोर्टातून काढून कॉपिंग सेक्शनला टाकलं. तिथे निकालांच्या, साक्षींच्या नकला देतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मुरुगेशला जामीनदार मिळायला अकरा दिवस लागले. टँकरच्या मालकाने हात वर केले होते. अकरा दिवस तो आत होता. हे अकरा दिवस भुकेचे नाहीत. हे माझ्या “नो सर”चे आहेत.

समीर नक्कल घ्यायला काउंटरवर आले तेव्हा त्यांना बातमी कळली होती. त्यांनी मला जाळीतून ओळखलं.

“मॅडम, तुम्हीच ना?”

“हो.”

“म्हणजे तो नव्हता?”

“ते मला माहीत नाही. लक्ष्मम्मांनी त्यांना ओळखलं नव्हतं, एवढंच माहीत आहे.”

“मी चार वर्षं त्याच्या तोंडाकडे बघून मनातल्या मनात शिव्या घातल्यात. तुम्हाला कळतंय का? एव्हरी सिंगल डेट.” त्यांचा आवाज चढला, रांगेतले लोक बघायला लागले. “आणि मी तुम्हाला विचारत होतो, काय झालं आज. तुम्हाला!”

  त्यांनी नकलेचा अर्ज जाळीखालून सरकवला. मी शिक्का मारला.

अपिलात वरच्या कोर्टाने सांगितलं, लक्ष्मम्माची आणि स्टेनोची साक्ष खालच्या कोर्टाने नोंदवून वर पाठवावी. म्हणजे मी साक्षीदार. माझ्याच जुन्या कोर्टात, त्याच नव्या साहेबांपुढे. माझ्या खुर्चीवर आता एक तरुण मुलगी, सहा महिन्यांपूर्वी लागलेली. मी शिकवलेल्यांपैकी एकीने तिला शिकवलं होतं.

लक्ष्मम्मा आधी. तिने मुरुगेशला पुन्हा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि वैतागली. “स्वामी, हे मी तेव्हाच सांगितलं होतं ना? मग परत का बोलावलं? आज माझा धंदा बुडाला.”

साहेब खाली मान घालून म्हणाले, “आमची चूक झाली, अम्मा.” जजच्या तोंडून हे वाक्य मी एवढ्या वर्षांत एकदाच ऐकलं.

साक्ष झाल्यावर साहेबांनी स्टेनोला तिची साक्ष मोठ्याने वाचायला लावली. लक्ष्मम्मा कान देऊन ऐकत राहिली. “एवढं वाचतात होय?” ती म्हणाली. “मागच्या वेळी नुसता अंगठा घेतला.”

मग मी. पिंजऱ्यात उभं राहिल्यावर कळतं की तिथून स्टेनोचं टेबल किती खाली दिसतं. आपण बोलतो आणि खाली कुणीतरी मान वर न करता काहीतरी टाइप करत असतं. ते आपलंच बोलणं आहे, हे धरून चालायचं. मी वही दाखवली, रेघा वाचून दाखवल्या, चूक कबूल केली. कधी कळलं ते सांगितलं. मधल्या दोन दिवसांचंही सांगितलं. ते कुणी विचारलं नव्हतं.

मुरुगेश मागे उभा होता. मी तिकडे पाहिलं नाही.

तेवढ्यात साहेबांना फोन आला आणि ते मिनिटभर आत गेले. स्टेनोने प्रिंट काढून माझ्यापुढे ठेवला, पेन दिलं. “सही, मॅडम. इथे.”

“वाचून दाखव,” मी म्हणाले.

ती हसली. “मॅडम, तुम्हाला काय वाचून दाखवायचं? तुम्हीच तर...”

“वाच.”

तिने कागद उचलला. सरकारी वकिलांनी घड्याळ पाहिलं. ती वाचायला लागली. माझं नाव, वय, आणि मग ती अडखळली.  तिचे कान लाल झाले.

“काय लिहिलंय?” मी विचारलं.

“धंदा...” ती पुटपुटली. “धंदा, एळनीर विक्री.”

तिने लक्ष्मम्माची फाइल “सेव्ह अ‍ॅज” केली होती.

सरकारी वकील मोठ्याने हसले. नागराजअण्णा हसले. शिपाई हसला. दाराशी बसलेली लक्ष्मम्मासुद्धा, काय झालं ते कुणीतरी सांगितल्यावर, तोंडाला पदर लावून हसली. मुरुगेश हसला नाही. तो एकदम पुढे आला, पोलिसाने अडवेपर्यंत, आणि त्या कागदाकडे बघत राहिला. हे असं घडतं, असं त्याला प्रथमच दिसत होतं.

मी धंदा दुरुस्त करून घेतला. बाकीचं शेवटपर्यंत वाचून घेतलं. मग सही केली.

वरच्या कोर्टाने मुरुगेशला निर्दोष सोडलं. लायसन्स परत मिळालं, पण तो गाडी चालवत नाही. इथल्याच शिवाजीनगरला एका वर्कशॉपमध्ये स्प्रे पेंटिंग करतो. मी एकदा गेले होते. तो हात पुसत बाहेर आला, मी माफी मागितली, त्याने ऐकून घेतलं. “सरी अम्मा,” ठीक आहे, एवढं म्हणाला आणि आत गेला. बस म्हणाला नाही, चहा विचारला नाही. ते मला बरं वाटलं.

टँकरवर कोण होतं, ते मला आजही माहीत नाही. मालकाच्या भाच्यावर केस झालेली नाही. समीरनी घर बदललं, असं ऐकलं.

मी अजून कॉपिंग सेक्शनलाच आहे. नव्या स्टेनो भेटल्या की सांगते, प्रत्येक साक्षीदाराला कोरी फाइल उघडा. त्या “हो मॅडम” म्हणतात. काउंटरवर साक्षीची नक्कल घ्यायला येणाऱ्याला मी कागद देताना म्हणते, “इथेच उभे राहून एकदा वाचा. बोललात तेच आहे का, बघा.”

बहुतेक जण वाचत नाहीत. नक्कल मिळाल्याची सही करतात आणि बस पकडायला जातात.